सायकलचा पट्टा चौकापाशीच का संपतो?

फळा_खडू
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलला गणित शिकवतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कुठल्या कचेरीशी भांडण मांडायचं नाही, रस्ता नीट करून घ्यायचा आहे आणि त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

दोन वर्षांपूर्वी आमचा स्टेशन ते कॉलेज हा मुख्य रस्ता रुंद झाला. दोन्ही कडेला हिरवा पट्टा मारला, त्यावर पांढऱ्या रंगात सायकलचं चित्र काढलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. आमच्या शाळेतल्या निम्म्याहून जास्त मुली आसपासच्या खेड्यांतून सायकलवर येतात. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर. त्या सायकलीमुळे किती मुली आठवीनंतर शाळेत टिकल्या, हे मी वर्गात बसून पाहिलंय.

गेल्या बुधवारी सकाळी नववीतली एक मुलगी त्याच पट्ट्यावरून येताना पडली. पुढचं चाक गटारीच्या जाळीत गेलं. मी दोनशे पावलांवर होतो. जाऊन बघतो तर जाळीच्या सळ्या रस्त्याच्या दिशेनेच उभ्या बसवलेल्या. चाक रिमपर्यंत आत, चिमटा वाकलेला, दप्तर पट्ट्याबाहेर, आणि त्या दप्तराच्या हातभर अंतरावरून कापसाचा टेम्पो गेला. कोपराचं हाड मोडलंय. रिक्षात माझ्या शेजारी बसून ती रडत नव्हती. एकच विचारत होती, "सर, सायकल सरकारनी दिलेली आहे, वाकली तर परत भरून द्यावी लागेल का?"

रविवारी मी दहावीतली दोन पोरं घेऊन टेपने पट्टा मोजला. रंगाची रुंदी ११० सेंटीमीटर. त्यातले ३० सेंटीमीटर गटारीच्या काठाचं सिमेंट, तिथे उंचसखल आहे. उरले ८०. विजेच्या डीपीपाशी ४०. बसथांब्यापाशी शून्य, तिथे थांब्याचा ओटाच पट्ट्यावर आलाय. जाळीतली फट साडेचार सेंटीमीटर, मुलींच्या सायकलचा टायर चारच्या आत. आणि कॉलेज चौकाच्या २५ मीटर आधी रंग संपतो. जिथे ट्रक डावीकडे वळतात, रिक्षा थांबतात, बस घुसते, नेमकं तिथे.

माझे प्रश्न दोन. हे असं का बनतं? आणि आम्ही मागायचं काय?

तापीकाठची
सोमवार, रात्री १०.१५

सर, वाचून अंगावर काटा आला. मुलीला लवकर बरं वाटू दे.

मी दवाखान्यात नोकरीला आहे, रोज तीन किलोमीटर सायकल. आमच्याकडेही असाच पट्टा आहे आणि मी त्यावरून जात नाही. कारण सांगते. दर दहा-पंधरा मीटरवर चारचाकी उभी असते. तिला वळसा घालायला मला अचानक उजवीकडे यावं लागतं, आणि मागच्याला वाटत असतं की ही बाई पट्ट्यातच राहणार. दोनदा आरसा लागलाय मला. एकदा उभ्या गाडीचं दार उघडलं. त्यापेक्षा मी सरळ रस्त्यावरून, दिसेल अशी चालवते.

पण आता लोक ओरडतात, "ताई, तुमचा रस्ता तिकडं!" पट्टा नव्हता तेव्हा असं कुणी म्हणत नव्हतं. रस्ता माझाही होता. वाईट पट्टा झाला की हातचा रस्ताही जातो, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

किराणा_ओटा
सोमवार, रात्री १०.५०

माझं दुकान अशाच एका रस्त्यावर आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. राग मानू नका.

पट्टा मारला त्या दिवशी सकाळी आठला मजूर आले, रंग मारला, गेले. आम्हाला कुणी विचारलं नाही. माझ्याकडे रोज साखर-गुळाच्या गोण्या, तेलाचे डबे येतात. टेम्पो दुकानासमोर उभा राहणार, दुसरी जागा नाही. गिऱ्हाईक दोन मिनिटं गाडी लावणार. उद्या तुम्ही पट्ट्याला कठडा केला तर गोणी कठड्यावरून उचलायची का? हमाल पण माणूसच आहे.

मुलगी पडली ह्याचं वाईट वाटतं, मलाही दोन मुली आहेत. पण उपाय आमच्यासकट काढा.

रविवारची_राईड
मंगळवार, सकाळी ६.०५

इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या शहरात पट्टा मागणारे आम्हीच होतो. आमचा तीस-पस्तीस जणांचा गट आहे, दोनशे किलोमीटरच्या राईड करतो, हेल्मेट-गिअरवाले. आम्ही निवेदन दिलं, फोटो काढला, पट्टा झाला.

आम्ही रस्त्यावर असतो पहाटे साडेपाचला, तेव्हा रस्ता मोकळा असतो. दाळ मिलमध्ये दोन पाळ्यांत जाणारा मजूर, कॅनवाले दूधवाले, ह्या मुली, ह्यांच्यापैकी एकालाही आम्ही सोबत नेलं नव्हतं. नेलं असतं तर पहिला प्रश्न चौकाचाच निघाला असता. सर, पुढच्या निवेदनावर आमच्या गटाच्या सह्या हव्या तेवढ्या घ्या, पण पुढे त्या मुलींना बसवा.

निवृत्त_जेई
मंगळवार, सकाळी ११.३०

मी रस्त्यांच्या खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होतो, आयुष्य खान्देशात गेलं. सरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आतून बघितलेल्या माणसासारखं देतो.

रस्त्याचं अंदाजपत्रक बनतं तेव्हा मधून आखणी सुरू होते. दुभाजक, मग गाड्यांच्या दोन लेन, मग गटार. हे सगळं बसवून कडेला जे उरतं त्याला रंग मारतात. अंदाजपत्रकात सायकलचा पट्टा म्हणजे रंगाची एक बाब असते, इतके चौरस मीटर, इतका दर. चौकाचा नकाशा बऱ्याचदा वेगळा नसतोच. चौकात रंगाचं काय करायचं हे कुणी काढलेलं नसतं, म्हणून रंगारी आपल्या मनाने अलीकडे थांबतो. तुमचे २५ मीटर असे जन्मतात.

नियम नाहीत असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणारी संस्था, तिची सायकल ट्रॅकची शिफारस, आयआरसी ११, पहिल्यांदा १९६२ साली आली, २०१५ मध्ये सुधारली. १९६२च्या शिफारशीतच लिहिलंय की एका सायकलच्या रांगेला एक मीटर धरा आणि ट्रॅक किमान दोन मीटर ठेवा. एक मीटर का? हँडल अर्धा मीटरच असतं, पण सायकल रुळावरून चालल्यासारखी जात नाही, डुलत जाते. चढाला, वाऱ्यात, पाठीवर दप्तर असताना जास्त डुलते. आणि दोन मीटर का, तर एकीला दुसरीच्या पुढे जाता यावं म्हणून.

त्याच शिफारशीत आणखी एक आकडा आहे तो लिहून घ्या. रस्त्यावर तासाला २०० पेक्षा जास्त मोटारगाड्या असतील, तर गर्दीच्या वेळी तासाला फक्त १०० सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक योग्य ठरतो. वेगळा म्हणजे गाडीच्या चाकापासून अडथळ्याने तोडलेला. रंग हा अडथळा नाही. आमचे साहेब म्हणायचे, "सायकली राहिल्याच कुठं?" त्यांना दाखवायला मोजदाद लागते. २०११च्या जनगणनेत कामावर कशाने जाता हे विचारलं होतं. शेती सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांत सायकलवाले १३ टक्के होते, मोटारसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा किंचित जास्तच. नंतर चित्र बदललं असेल, पण तुमच्या चौकात काय आहे ते तुम्हीच मोजा.

आता जाळी. ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे आणि सगळ्यात आधी मागा. सळ्या प्रवासाच्या दिशेला आडव्या हव्यात. जाळीची चौकट चौकोनी असेल, चारही बाजू सारख्या, तर उचलून काटकोनात फिरवली की काम झालं. लांबट असेल तर फिरत नाही, मग वरून दर चार बोटांवर आडव्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करायच्या. एका वेल्डरचं दिवसभराचं काम आहे. ह्यासाठी नवा निधी, नवी निविदा काहीही लागत नाही.

फळा_खडू
मंगळवार, दुपारी ४.१०

साहेब, शाळा सुटल्याबरोबर जाऊन पाहिलं. एकूण १७ जाळ्या मोजल्या, त्यातल्या ११ चौकोनी आहेत! फिरवता येतील. दोन वर्षं आम्ही सगळे त्यांच्यावरून चालत होतो.

पंक्चरवाला_बापू
मंगळवार, रात्री ८.२५

भाऊ, पट्टा व्हयना तवयपासून मन्हा दुकानमा वाकेल चाकं जास्त येतस. पुढं सगळ्यांना कळेल असं लिहितो.

माझं दुकान एमआयडीसीच्या वळणावर. आमच्याकडं जाळीपेक्षा पेव्हर ब्लॉक जास्त तरास देतात. पावसाळ्यात खालची माती बसली की ब्लॉक तिरपे होतात, मधी खाच पडते. चटईच्या कारखान्यातले पोरं रात्री अकराला सुटतात, लाईट नाही, खाच दिसत नाही. स्पोक तुटतात, आऊट येतो, म्हणजे चाक वाकडं फिरतं. एका आऊटला पोराचे पन्नास-साठ रुपये जातात, रोजावरचा माणूस हाय तो.

दुसरं, दर गेटापाशी पट्टा खाली उतरतो अन पुन्हा वर चढतो. मोटर आत घालायला उतार पाहिजे म्हणून. एका किलोमीटरात बारा येळा खाली-वर. दूधवाल्याला दोन कॅन लावून ते जमत नाही. तो रस्त्यावरूनच जातो. त्याला दोष देऊ नका.

डेल्फ्टहून_अमळनेरकर
मंगळवार, रात्री ११.५०

मूळ अमळनेरचा, सध्या कामानिमित्त नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला. "तिथली गोष्ट वेगळी" असं म्हणून पान उलटू नका, कारण इथेही पन्नास वर्षांपूर्वी आपल्यासारखंच होतं. १९७१ साली इथे रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच "मुलांच्या हत्या थांबवा" असं होतं. १९७३ला तेलाचा तुटवडा आला, सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या, आणि लोकांनी मोकळा रस्ता कसा असतो ते पाहिलं.

पण पहिल्या प्रयत्नात हेही चुकले. सत्तरच्या दशकात टिलबर्ग आणि हेगमध्ये एकेक झकपक सायकलमार्ग बांधला. एकटा रस्ता पुरला नाही, कारण माणसाला घरापासून शाळेपर्यंत जायचं असतं, मार्गाच्या टोकापासून टोकापर्यंत नाही. मग ऐंशीच्या दशकात डेल्फ्टमध्ये गल्ल्या, पूल, चौक जोडून सगळ्या गावाचं जाळं केलं. आज मी त्याच जाळ्यावरून कामाला जातो.

बापूंनी गेटाच्या उताराचं लिहिलंय, त्याला इथे उत्तर आहे. सायकलमार्ग एकाच उंचीवर सरळ जातो, खाली उतरत नाही. गाडीला आत जायचं असेल तर गाडी चढते, सायकलमार्ग ओलांडते आणि उतरते. चढणाऱ्या गाडीचा वेग आपोआप मरतो. चौकातही तसंच. सायकलचा लाल डांबरी मार्ग चौक ओलांडून पलीकडे जातो, मध्ये तुटत नाही. कोपऱ्यावर लहानसा दगडी उंचवटा असतो, त्यामुळे वळणाऱ्या ट्रकला मोठा, सावकाश वळसा घ्यावा लागतो आणि वळून पूर्ण होईपर्यंत सायकलवाला ड्रायव्हरच्या समोर येतो, आरशाच्या आंधळ्या कोपऱ्यात राहत नाही. चार फुटांच्या उंचवट्याचं काम आहे ते.

किराणा_ओटा
बुधवार, सकाळी ९.००

दादा, आणि तिथे दुकानात माल कसा उतरतो?

डेल्फ्टहून_अमळनेरकर
बुधवार, सकाळी ११.४०

भाऊ, चांगला प्रश्न. बाजारपेठेत सकाळी ठरलेल्या वेळेत माल उतरतो, नंतर गाड्यांना मनाई. मोठ्या रस्त्यावर गाडी उभी करायची जागा सायकलमार्गाच्या बाहेरच्या अंगाला असते, म्हणजे गाड्यांच्या लेनला लागून. उभ्या गाड्याच सायकलवाल्याला वाहतुकीपासून आड करतात. हातगाडी नेण्यापुरती कठड्यात ठरावीक अंतरावर फट ठेवतात. मधे दार उघडण्यापुरती पट्टी सोडतात, ती मात्र विसरायची नाही.

किराणा_ओटा
बुधवार, दुपारी १.२०

असं असेल तर माझी हरकत नाही. सकाळी सात ते नऊ माल उतरवायची वेळ ठरवून द्या, आमच्या व्यापारी मंडळींशी मी बोलतो. पण सात ते नऊ हीच शाळेची वेळ, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. साडेनऊ ते साडेअकरा चालेल. थोडी अडचण होईल, जमवू.

जळगावची_सून
बुधवार, दुपारी २.४५

आमच्या जळगावात महामार्ग शहराच्या पोटातून गेलाय. समांतर रस्त्यांसाठी लोकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, किती घरांतली माणसं गेली. बांभोरीच्या गिरणा पुलावरून सायकल नेणारा विद्यार्थी बघितला की अजून पोटात गोळा येतो. सर, एका निवेदनाने होणार नाही, पण सोडू नका.

आणि एक, सावली. एप्रिल-मेमध्ये पारा ४५पर्यंत जातो. रुंदीकरणात कडुनिंब तोडले आणि उघड्या डांबरावर पट्टा मारला. बारा वाजता शाळा सुटलेली मुलगी त्यावरून पाच किलोमीटर कशी जाईल? सायकलच्या रस्त्याला झाड हा रस्त्याचाच भाग धरा.

तापीकाठची
बुधवार, रात्री ९.३०

झाडाला शंभर वेळा +१. मी एप्रिलपासून मागच्या गल्लीतून जाते, अर्धा किलोमीटर लांब पडतं, पण तिथे निंब आहेत.

ह्यावरून विचारते, जेई काका, सगळीकडे वेगळा ट्रॅक कशाला? आतल्या गल्ल्यांत गाड्यांचा वेग कमी केला तर?

निवृत्त_जेई
बुधवार, रात्री १०.२०

बरोबर बोललात ताई. गाड्या ताशी ३०च्या आत असतील तर सायकल त्यांच्यात मिसळून चालते, ट्रॅक लागत नाही. ५०च्या वर गेल्या की तोडलाच पाहिजे. म्हणून गल्ल्यांना गतिरोधक आणि अरुंद तोंडं, मोठ्या रस्त्याला वेगळा ट्रॅक. दोन्ही एकाच नकाशात मागा, म्हणजे ताईंची निंबाची गल्लीही मार्ग म्हणून नोंदली जाईल.

सर, कागदाचं सांगतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागा: मंजूर नकाशा, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, आणि करारातला दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कालावधी अजून चालू असेल आणि नकाशात जाळी आडवी दाखवली असेल, तर ती फिरवून देणं ठेकेदाराचं काम, त्याच्या खर्चाने. नकाशातच उभी असेल तर कचेरीला दुरुस्ती करावी लागेल. मोजमाप पुस्तिकेत रुंदी काय लिहून बिल काढलं ते बघा. तुमचे ११० तिथे किती झालेत ते महत्त्वाचं.

उत्तराची वाट बघत थांबू नका. मोजदाद आधी करा. मी येतो. भुसावळहून सकाळची गाडी आहे.

फळा_खडू
पुढचा सोमवार, रात्री ९.१५

मंडळी, झालं. जेई साहेब रविवारीच येऊन माझ्याकडे मुक्कामी राहिले. सकाळी पावणेसात ते पावणेआठ आम्ही कॉलेज चौकात उभे होतो. दहावीची सहा मुलं होती, त्यांनी वह्यांत दर सायकलीला एक उभी रेघ ओढायची, पाचवी रेघ तिरपी. राईड गटाचे चौघे आले होते. बापू दुकान उशिरा उघडून आले.

एका तासात २३१ सायकली. त्यातल्या १६४ शाळा-कॉलेजच्या. पट्ट्यावरून गेल्या फक्त ३८, बाकी सगळ्या रस्त्यावरून. मोटारगाड्या पहिल्या पाव तासातच १९० भरल्या, म्हणजे तासाला साडेसातशेच्या वर, मग आम्ही त्या मोजणं थांबवलं. जेई साहेबांचे शंभर आणि दोनशे, दोन्ही आकडे केव्हाच मागे पडले होते.

चौकाआधीचे २५ मीटर मी नुसते उभा राहून पाहिले. मुली तिथे आल्या की आधी मान मागे वळते, मग एक पाय पेडलवरून सुटून जमिनीजवळ येतो. मग काही उतरून सायकल हातात धरून चौक ओलांडतात. रोज ह्याच चौकातून मी जातो, पण तो सुटलेला पाय आज पहिल्यांदा दिसला.

माहितीचा अर्ज दिला, पोच घेतली. निवेदनात पहिली मागणी जाळ्यांची, दुसरी चौकातून पट्टा पलीकडे नेण्याची आणि कोपऱ्याच्या उंचवट्याची, तिसरी माल उतरवण्याच्या वेळेची. तिसरीवर सहा दुकानदारांच्या सह्या आल्यात, किराणा_ओटा भाऊंनी आमच्या बाजारातल्या ओळखीच्यांना फोन केले होते. झाडं आणि मागच्या गल्ल्या नकाशासह जोडतोय. पहिली सही नववीच्या वर्गाची असेल.

तिचं प्लॅस्टर पुढच्या शुक्रवारी निघेल. बापूंनी चिमटा बदलून, आऊट काढून तिची सायकल शाळेच्या स्टँडला आणून लावलीय, पैसे घ्यायला तयार नाहीत. सायकल भरून द्यावी लागणार नाही हे तिला घरी जाऊन सांगितलं.

जाळ्या मी १७ म्हटलो होतो, साहेबांसोबत पुन्हा मोजल्या तर १९ निघाल्या. दोन कचऱ्याखाली होत्या. त्यांचं माप उद्या घेऊन मसुदा इथे टाकतो, चुका दाखवा.